कोरड्या बोटाची हजेरी

चेन्नईत राहून कोरडी कातडी बाळगणं हा जवळजवळ उद्धटपणा आहे. इथे बाराही महिने सगळं पाझरत असतं. बसचा दांडा पाझरतो, फायलींचे पुठ्ठे पाझरतात, सकाळचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत ओल्या रुमालासारखं लोंबतं. त्यात मी एकटा असा, की माझ्या नडगीवर नखानं रेघ ओढली तर पाटीवर ओढल्यासारखी पांढरी उठते. सकाळी चादर झटकली की माझा थोडासा भाग आवडी या उपनगराच्या हवेत मिसळतो. काळे मोजे उलटे केले तर आत कुणी गव्हाचं पीठ सांडलंय असं वाटावं.

मला याची किळस येते. तशी मला बऱ्याच गोष्टींची येते. दुसऱ्यानं वापरलेल्या साबणाची, थुंकी लावून नोटा मोजणाऱ्या कॅशियरची, दुधावरच्या सायीची. पण त्या बाबतीत चार पावलं मागं सरकून उभं राहता येतं. स्वतःच्या नडगीपासून कुठे सरकणार?

आवडीत सरकारी क्वार्टर्स आहेत, त्यांतल्या एका दोन खोल्यांत मी एकटा राहतो. बायको, सुनीती, बँकेत आहे. तिला बढती मिळाली ती पुण्याला, आणि मुलगी ऊर्मी अकरावीला होती म्हणून आईबरोबर गेली. त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मी केंद्र सरकारच्या एका लेखा कार्यालयात आहे. मी पुण्याच्या विनंती बदलीसाठी अर्ज केला होता आणि ऊर्मीच्या बारावीच्या परीक्षेआधी घरी पोचायचं, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती.

ते वर्ष २००८. त्याच वर्षी आमच्या ऑफिसात बोटाची मशीन आली.

मशीन व्हरांड्यात बसवली होती, जिन्याच्या तोंडाशी. पोस्टाच्या तिकिटाएवढी काच, तिच्यामागे हिरवा उजेड. बोट ठेवलं आणि ओळख पटली की आतली बाई "थँक्यू" म्हणायची. नाही पटली तर "प्लीज ट्राय अगेन." प्रशासन अधिकारी नटेसन यांनी नारळ फोडून उद्घाटन केलं, आणि त्याच खोबऱ्याच्या हातानं पहिलं बोट ठेवलं. थँक्यू.

त्यानंतर साठ माणसांनी त्याच काचेवर बोट ठेवलं. कुणाच्या बोटाला विभूती होती, कुणाच्या सांबार. एक जण कँटीनमधून वडा संपवत संपवतच आला. काच आधी पारदर्शक होती, मग धुरकट झाली, मग तिच्यावर तव्याला येतो तसला थर आला. माझी पाळी आली तेव्हा मी खिशातल्या रुमालानं ती पुसली, मागच्यांनी "अय्यो" केलं, आणि मी बोट ठेवलं.

"प्लीज ट्राय अगेन."

पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. दुसरं बोट, तिसरं बोट, अंगठा. बाईचा आवाज काही चढला नाही. तिच्या दृष्टीनं काचेवर कुणी नव्हतंच.

बोट नोंदवून घेणारा माणूस त्या दिवशी होता. त्यानं माझं बोट उलटसुलट करून पाहिलं. बोटावरच्या रेघा झिजल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांच्यात बारीक भेगा. तो म्हणाला, "सर, फार ड्राय आहे. नाकावर घासा."

"कशावर?"

"नाकावर. सगळे तसंच करतात."

मी मागे वळून पाहिलं. खरोखरच रांगेतली माणसं नाकाच्या बाजूला, कपाळाला, मानेला बोटं घासत उभी होती. स्वतःच्या शरीरातून वंगण काढून ते मशीनला द्यायचं आणि त्याबद्दल तिनं थँक्यू म्हणायचं. मी नाकावर बोट घासलं. माझं नाकही कोरडंच. नुसती पापुद्र्यांची भुकटी पडली. अखेर त्या माणसानं स्वतःच्या मानेचा घाम माझ्या बोटाला लावून कशीबशी माझी नोंद केली. मी त्या दिवशी हात इतके धुतले की सही करताना बोट फाटून रक्त आलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर वादिराज बसतो. तो तंजावरचा. त्याचं मराठी व्यंकोजीराजांबरोबर खाली आलं आणि नंतर सुधारून घ्यायला परत वर जावं असं त्याला कधी वाटलं नाही. वादिराजच्या डोक्याला सकाळ-संध्याकाळ खोबरेल असतं, इतकं की ऑफिसातल्या त्याच्या खुर्चीच्या पाठीवर त्याच्या डोक्याचा एक काळपट नकाशा उमटलेला आहे.

दुसऱ्या दिवशी रांगेत त्यानं माझी फजिती पाहिली आणि मान खाली करून डोकं माझ्यापुढे धरलं.

"राव, माझ्या डोसक्यास बोट लावा. तेंगाएण्णय आहे, घरचें खोबरेल."

"नको."

"लाजूं नका. शिवस्वामी लावतो, दुरैराज लावतो. रोज सकाळीं चार जण लावतात."

"म्हणूनच नको, वादिराज."

"सरी, बरें. तुमचें बोट, तुमची गैरहजेरी." असं म्हणून त्यानं स्वतःच्या भांगातून बोट फिरवलं, काचेवर टेकवलं, थँक्यू घेतलं आणि गेला.

पाठोपाठ मी. काचेवर त्याच्या बोटाचा ताजा तेलकट ठिपका होता. मी तोंड फिरवून, डोळे मिटून, कसंतरी बोट टेकवलं.

"थँक्यू."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण संध्याकाळी पुन्हा वादिराजच्या मागे उभा राहिलो, पुन्हा थँक्यू. मशीनला माझी सवय झाली असावी, असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून मी नेमानं वादिराजच्या मागे रांगेत राहू लागलो, तोंड फिरवून बोट टेकवू लागलो, आणि थेट मोरीकडे जाऊन साबणानं हात धुऊ लागलो. मशीनवर एक इवलीशी पट्टी होती, तिच्यावर कर्मचाऱ्याचा नंबर उमटायचा. ती पाहायला काचेकडे पाहावं लागलं असतं.

सप्टेंबरअखेर नटेसन साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे मशीननं छापलेला तिमाहीचा कागद होता.

"मिस्टर उमाकांत, तुम्ही या तिमाहीत एकही दिवस ऑफिसला आलेला नाहीत."

"सर, मी रोज तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणतो."

"म्हणत असाल. माझ्याकडे नोंद नाही." मग ते वादिराजकडे वळले. "आणि तुम्ही रोज नऊला येता आणि त्याच मिनिटाला घरी जाता. संध्याकाळी साडेपाचला परत येता आणि लगेच पुन्हा जाता."

वादिराजनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. नटेसन म्हणाले की विनंती बदलीला स्वच्छ हजेरी लागते, पूर्ण तिमाही गैरहजर माणसाचा अर्ज पुढे पाठवला तर हेड ऑफिस त्यांनाच वेड्यात काढेल, आणि वादिराजवर तर चौकशी लावावी लागेल.

"मज कळेना सर," वादिराज म्हणाला, "मी जातों कुठें? माझें जेवणदेखील इथें होतें."

तेव्हा आम्ही तिघे व्हरांड्यात गेलो. नटेसननी शिपायाकडून काच स्पिरिटनं लख्ख पुसवून घेतली. मी बोट ठेवलं. प्लीज ट्राय अगेन. मग वादिराजनं भांगातून बोट फिरवून ठेवलं. थँक्यू, आणि पट्टीवर त्याचा नंबर. तो बाजूला झाला. मी पुन्हा बोट ठेवलं.

"थँक्यू."

पट्टीवर वादिराजचाच नंबर होता.

माझं बोट इतकं कोरडं होतं की ते काचेवर उमटतच नव्हतं. मी फक्त वरून दाबत होतो आणि मशीन खाली उरलेला वादिराजच्या तेलाचा ठसा वाचत होती. पहिल्यांदा तो आला, दुसऱ्यांदा गेला. तीन महिने त्या इमारतीत माझ्यापेक्षा त्याचं तेल जास्त हजर होतं.

नटेसननी हळूच स्वतःचा उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे रोज सकाळी मी ज्याच्यावर बोट ठेवतो, ते..."

"वादिराज, सर," मी म्हणालो. "आणि त्याच्याखाली इतर."

ते मोरीकडे गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

परत आले तेव्हा बाही कोपरापर्यंत ओली होती. ते म्हणाले, वादिराजची चौकशी रद्द. पण ऑक्टोबर ते डिसेंबर ही शेवटची तिमाही. त्यात मी स्वतःचं बोट दाखवलं तर अर्ज पुढे, नाही तर पुढल्या वर्षी.

टेबलाकडे परतताना वादिराज म्हणाला, "राव, एक पुसतों. माझें तेल तुम्हांस घाण. त्या तेलावर तीन मास हजेरी लाविलीत, ती कशी गोड लागली?"

मी हात धुवायला गेलो.

रात्री सुनीतीला फोन केला.

"अहो, साय लावा की," ती म्हणाली. "माझी आई आयुष्यभर साय लावायची. कातडी बघितलीत ना तिची?"

"सायीचं नाव काढू नकोस."

"डोळे मिटून लावा. खायची नाहीये."

बदलीसाठी मी साय लावली. कोपरापासून बोटांपर्यंत, श्वास रोखून. तासाभरात ती वाळली आणि हातावर पिवळट खपली धरली. पहाटे जाग आली ती मुंग्यांनी. उशीवरून, मनगटावरून, बोटांच्या बेचक्यांतून मुंग्यांची रांग. अंथरुणाला आंबलेल्या भांड्याचा वास. मी आंघोळ केली, मग पुन्हा केली.

"आता तुम्ही डॉक्टरकडेच जा," सुनीती म्हणाली. पलीकडून ऊर्मी ओरडली, "बाबा, शी! मुंग्या?"

नुंगंबाक्कमला एक त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझे हात भिंगाखाली धरले, मग पाय, मग विचारलं, "दिवसातून किती वेळा धुता?"

"लागेल तेव्हा."

"कधी लागतं?"

"काही शिवलं की."

"आणि आंघोळ?"

"दोनदा. कडकडीत पाण्यानं. साबण दोनदा लावून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमची कातडी चांगली आहे. जरा कोरड्या जातीची, इतकंच. तिच्यावर देवानं जो तेलाचा हात फिरवला होता तो तुम्ही रोज धुऊन काढता. त्यात बोअरचं जड पाणी. पाणी कातडीला मिळत नाही, पाण्यानं कातडीतलं पाणी जातं."

"मग करू काय?"

"एकच आंघोळ, कोमट पाण्याची, झटपट. साबण काखेत आणि जांघेत, बाकी नाही. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवर हे क्रीम. पूर्ण वाळल्यावर लावलंत तर फुकट. रात्री हाताला व्हॅसलिनचा जाड थर आणि वर सुती हातमोजे. पायाला तेच, वर मोजे. जेवणाआधी आणि संडासानंतर हात धुवा. बाकी वेळा धुवायचे नाहीत."

"कुणी हात मिळवला तर?"

"तर मिळवायचा."

मी क्रीमच्या नळीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात युरिया होता. खाली लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेली चरबी, हे मला दुर्दैवानं माहीत होतं.

"युरिया?" सुनीती फोनवर म्हणाली. "शेतात टाकतात तो?"

"तोच. मूळचा लघवीतला."

ती इतकी हसली की फोन ऊर्मीनं घेतला. "बाबा, तुम्ही खत लावताय अंगाला? मग उगवेल काहीतरी."

"रेघा उगवल्या तरी पुष्कळ," मी म्हणालो.

त्या तीन महिन्यांबद्दल जितकं कमी सांगावं तितकं बरं. सकाळी ओलसर अंगावर युरिया आणि मेंढीची चरबी चोळून वर शर्ट चढवायचा, म्हणजे शर्ट पाठीला धरून बसायचा. आवडीच्या स्टेशनाबाहेर धूळ असते, ती आजवर माझ्या शेजारून जायची. आता माझ्यावर मुक्काम करू लागली. संध्याकाळी बाहीच्या कडेला काळी रेघ. वर्तमानपत्र हातात धरलं की शाई बोटावर आणि बोट वर्तमानपत्रावर. घामाला बाहेर यायला वाट नाही, तो क्रीमखालीच साचायचा, आणि दुपारी तीनच्या सुमारास माझ्या अंगाला मेंढी भिजल्यासारखा वास यायचा. रात्री हातमोजे आणि मोजे घालून मी पंख्याखाली पडायचो, चोरी करून आल्यासारखा. हातमोज्यांच्या आत बोटं एकमेकांवरून घसरायची. मासा विकत घेतल्यावर पिशवीत हात घालावा तसं ते वाटायचं, आणि तो मासा मीच.

सगळ्यात अवघड होतं हात न धुणं. नोट घेतली, धुवायचे नाहीत. जिन्याचा कठडा, धुवायचे नाहीत. वादिराजनं प्रसादाची पोंगल हातावर ठेवली, तुपानं निथळणारी. मी ती खाल्ली आणि हात खिशात घालून बसलो, घट्ट.

"बरें लागलें?" वादिराजनं विचारलं.

"हो."

"खोटें बोलतां. तोंड पाहिलें मी." पण तो पहिल्यांदाच हसला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी मी काचेवर बोट ठेवलं. या वेळी काचेकडे बघत. थँक्यू. पट्टीवर माझा नंबर. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. ऑक्टोबरचे कोरडे दिवस नटेसननी डॉक्टरीणबाईंच्या दाखल्यावर माफ केले. बोटांच्या भेगा भरल्या, नडगीवर रेघ उठेनाशी झाली. मला माझीच किळस येत होती, पण ती आता वेगळ्या जातीची, ओली.

दरम्यान ऑफिसात निराळंच चाललं होतं. त्या दिवशीची हकिगत शिपायानं अर्थातच सगळ्यांना सांगितली होती. आपण रोज एकमेकांच्या नाकाला बोट लावतो, हे साठ माणसांना एकदम कळलं. नटेसननी मशीनशेजारी स्टुलावर स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवला. बोट ठेवण्याआधी काच पुसायची, बोट पुसायचं. ठेवून झाल्यावर पुन्हा बोट पुसायचं. मोरीवर नवा साबण आला, तो आठवड्यात संपला, दुसरा आला. माणसं एकमेकांना फाइल देताना कोपऱ्याला धरू लागली. शिवस्वामीनं वादिराजच्या डोक्याला बोट लावणं सोडलं. वादिराजला ते लागलं असावं, कारण त्यानं मग रागानं तेल लावणंच बंद केलं.

डिसेंबर उजाडता उजाडता व्हरांड्यातून एकच आवाज येऊ लागला.

"प्लीज ट्राय अगेन."

रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत. माणसं नाक घासायला लाजत होती आणि स्पिरिट तर चोळून बसली होती. नटेसन स्वतः पाच-पाच बोटं ठेवून पाहायचे, मग केबिनमध्ये जाऊन दार लावायचे. त्या रांगेला वळसा घालून मी पुढे जायचो, मेंढीचं बोट टेकवायचो, थँक्यू घ्यायचो. लोक मला वाट करून द्यायचे. आदरानं असेल किंवा वासानं.

जानेवारीत नटेसननी बोलावलं. त्यांच्या हाताची पाठ पांढरी पडली होती, सांध्यांवर चिरा. मला ती ओळखीची वाटली.

"तुमचा अर्ज मी पाठवला होता," ते म्हणाले, "हजेरीच्या कागदासकट."

"मग, सर?"

"त्या कागदाप्रमाणे डिसेंबरमध्ये या ऑफिसात तुम्ही एकटेच येत होता." त्यांनी घसा साफ केला. "हेड ऑफिसचं म्हणणं, जिथे बाकी कुणी येतच नाही, तिथला एकमेव नियमित माणूस सोडता येणार नाही. बदली नामंजूर."

मी उभा होतो. शर्ट पाठीला चिकटलेला होता.

"पण बाकीचे सगळे इथे बसलेत, सर. दार उघडून बघा."

"मला दिसतात," नटेसन दुःखानं म्हणाले. "नोंद नाही."

रात्री सुनीतीला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तिकडे हजर आहात म्हणून सोडत नाहीत," ती म्हणाली. "इकडे दीड वर्ष गैरहजर आहात, त्याचं काय? ही पोर रात्री दोनपर्यंत गणितं घेऊन बसते, मला ती येत नाहीत. परवा रडत होती. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मग ती म्हणाली, "रजा टाका. साठलीय ना?"

"साठलीय. पण नटेसन देणार नाही. बाकी कुणी नोंदीतच नाही."

"मागून तरी बघा. आणि येताना ते खत आणा एक नळी. माझ्या टाचा फुटल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त क्रीम लावलं. ओलसर अंगावर, सांगितलं तसं. ऑफिसात अर्ज लिहिला, ऊर्मीची परीक्षा संपेपर्यंतच्या रजेचा. लिहिताना हाताखालचा कागद पारदर्शक होत गेला. खाली माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, पूर्ण, सगळ्या वळ्यांसकट, इतका सुरेख की मशीनला दाखवावा. मी तो अर्ज तसाच नेऊन नटेसनच्या हातात दिला.

त्यांनी तो घेतला आणि बोटं थबकली. त्यांनी अर्ज दोन नखांत धरला. मग वास घेतला. चुकून घेतला असावा.

"हे काय आहे?"

"युरिया, सर. आणि मेंढीची थोडी चरबी. वाचून बघता ना? तारखा मधल्या परिच्छेदात आहेत, जरा पुसट झाल्यात. उजेडाकडे धरावं लागेल. जवळून."

नटेसननी तो उजेडाकडे धरला नाही. त्यांनी टेबलावर टाकला, पेननं कोपरा दाबला, तळाशी 'मंजूर' लिहून सही केली आणि पेनच्याच टोकानं माझ्याकडे सरकवला. मी अर्ज उचलला तेव्हा ते खुर्चीतून उठून मोरीकडे निघाले होते.

मी स्टेशनवर जाऊन पुण्याचं तिकीट काढलं. खिडकीतल्या बाईनं माझ्या हातातली नोट घेतली, जरा नाक मुरडलं, आणि साडीला बोटं पुसली.